ऑर्डर टाकणारं टूल एजंटच्या हाती देताना काय लिहावं

तुमचा प्रश्न असा आहे: शेअर आणि ऑप्शनच्या ऑर्डर टाकणारं कमांड-लाइन टूल तयार आहे, माणसांसाठी रीड-मी (वापराची माहिती देणारी फाइल) आहे, तरी एआय एजंटला, म्हणजे स्वतः कमांड चालवणाऱ्या एआय प्रोग्रॅमला, तेच टूल दिलं की तो चुकतो. मग त्याच्यासाठी वेगळं काय लिहायचं? नाशकात अंबडला आमची छोटी टीम हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माणूस जे न सांगता धरून चालतो, ते सगळं लिहायचं. आपल्याच जिल्ह्यातलं बघा. लासलगावला कांद्याच्या लिलावात ‘अठराशे’ म्हटलं की ते क्विंटलचे. पिंपळगावला टोमॅटोचे ‘पाचशे’ म्हणजे वीस किलोच्या क्रेटचे. द्राक्षाचे ‘साठ’ किलोचे. तिथे उभ्या असलेल्या कुणालाच हे विचारावं लागत नाही. आता हे तीन आकडे नुसत्या ‘भाव’ नावाच्या रकान्यात भरून बाहेरगावहून आलेल्या नव्या दिवाणजींना द्या. बेरीज बिनचूक येईल आणि हिशेब साफ चुकेल. दिवाणजी निदान शंका आली तर विचारतील. एजंट बहुतेक वेळा अंदाज करून पुढे जातो.

म्हणून प्रत्येक पॅरामीटरसमोर एकक लिहा. संख्या शेअरमध्ये की लॉटमध्ये (ठरावीक संख्येच्या गठ्ठ्यांत)? किंमत रुपयांत की पैशांत? वेळ कुठल्या घड्याळाची? आपला बाजार 9:15 ला उघडतो, तेव्हा सर्व्हरच्या यूटीसी (जागतिक प्रमाणवेळेच्या) घड्याळात 3:45 झालेले असतात. जमलं तर एकक नावातच घाला; नुसत्या ‘क्वांटिटी’पेक्षा ‘लॉट्स’ हे नाव बरं. पण लॉटचा आकडा मात्र कागदावर, म्हणजे एजंटसाठीच्या सूचनांत, लिहू नका. निफ्टीचा लॉट 2024 मध्ये आधी 50 चा 25 झाला आणि वर्ष संपायच्या आत नव्या करारांसाठी 75. जुना आकडा माणसाला खटकतो, एजंटला खटकत नाही. ‘रोज सकाळी इन्स्ट्रुमेंट लिस्टमधून (ब्रोकरच्या करारांच्या यादीतून) घे’ एवढंच लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टाइमआउट, म्हणजे ठरल्या वेळेत उत्तर न येणं. आमचा एजंट एकदा ऑर्डर टाकायला गेला, उत्तर आलं नाही, त्याने तीच ऑर्डर पुन्हा टाकली. पहिलीही पोचली होती. पोझिशन (आमच्या नावावरचा सौदा) दुप्पट झाली आणि ती आम्हाला तोट्यात सोडवावी लागली. दोष आमच्या कागदाचा होता, कारण त्यात लिहिलं होतं, ‘एरर आल्यास पुन्हा प्रयत्न करावा.’ माणूस हे वाक्य वाचूनही आधी ऑर्डर बुक (टाकलेल्या ऑर्डरची यादी) उघडून बघतो. ती सवय कागदावर उतरलीच नव्हती. आता आम्ही असं लिहितो: टाइमआउट म्हणजे ऑर्डर गेली नाही असं नव्हे, ती गेली की नाही हे माहीत नाही. प्रत्येक ऑर्डरला स्वतःचा वेगळा टॅग दे. उत्तर आलं नाही तर ऑर्डर बुकमध्ये तो टॅग शोध. बुक उघडत नसेल किंवा टॅग सापडला नाही, तर थांब आणि माणसाला कळव.

प्रत्येक एररपुढे हेच हवं: ऑर्डर गेली का, पुन्हा टाकायची का, की थांबायचं. बाजार नियामक सेबीच्या फेब्रुवारी 2025 च्या परिपत्रकानंतर एपीआयने, म्हणजे प्रोग्रॅममधून थेट, ऑर्डर टाकायला ब्रोकरकडे नोंदवलेला स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) लागतो. आयपी जुळला नाही म्हणून ऑर्डर नाकारली गेली तर शंभरदा टाकूनही ती जाणार नाही. हे लिहिलं नाही तर एजंट शंभरदा टाकून बघेल.

टूलमधून काढून टाकलेल्या पर्यायांचीही नोंद ठेवा आणि ती नावं पुन्हा वापरू नका. नाइट कॅपिटल या अमेरिकी कंपनीने 1 ऑगस्ट 2012 रोजी सुमारे 45 मिनिटांत 44 कोटी डॉलर घालवले. एक जुना फ्लॅग (कोडमधला चालू-बंद खटका) नव्या कामासाठी वापरला होता, आठांपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचला नव्हता, आणि तिथे त्या फ्लॅगने वर्षानुवर्षं पडून असलेला कोड जागा केला. तिथे एआय एजंट नव्हता, पण यंत्राने नावावर विश्वास ठेवला की काय होतं ते दिसतं.

एक कळकळीने सांगतो: मर्यादा कागदावर ठेवू नका. ‘दिवसाला वीसच ऑर्डर टाक’ ही एजंटला केलेली विनंती झाली. ती मर्यादा कोडमध्ये घाला आणि नकार कसा दिसेल तेवढं कागदावर लिहा. ड्राय-रन (खरी ऑर्डर न टाकता केलेली चाचणी) हाच डिफॉल्ट ठेवा. उदाहरणं दोन-तीन पुरतात, पण ती खरोखर चालवून बघितलेली हवीत.

लिहून झालं की कोऱ्या सेशनमध्ये एजंटला फक्त तो कागद द्या आणि विचारा, ‘ऑर्डर टाकली, उत्तर आलं नाही, काय करशील?’ तो जिथे अंदाज करेल तिथे तुमचं वाक्य अपुरं आहे. तुमच्या ऑर्डर कमांडचा सध्याचा मजकूर इथे टाका, टाइमआउटचा परिच्छेद आपण मिळून लिहू.