मूलद्रव्यात द्रव नाही, लाकूड आहे

प्रश्न असा आहे: लोखंड, सोनं घन आहेत, ऑक्सिजन वायू आहे; मग या सगळ्यांना मूल'द्रव्य' का म्हणायचं? आणि संयुग काय, मिश्रण काय, दोन्हींचा अर्थ 'एकत्र येणं' असाच असेल तर शब्दावरून फरक कसा कळायचा?

दुसरा भाग आधी उरकतो. संयुगात युज् हा संस्कृत क्रियापदाचा धातू आहे: जोडणे, जुंपणे. 'युग' म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू, आणि आपलं 'जू' हे त्याच युगाचं झिजलेलं रूप. जुवाला दोन बैल लागतात, अडीच चालत नाहीत. संयुगाचंही तसंच. पाणी कुठलंही घ्या, वजनाने एक भाग हायड्रोजनला आठ भाग ऑक्सिजन हे प्रमाण हलत नाही. 'संयुजा' (अणूची दुसऱ्या अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता) हा शब्दही याच धातूचा. मिश्रणाला असलं बंधन नाही; हवं तेवढं घाला आणि ढवळा.

उपमा एका जागी लंगडते, हे मान्य. जुंपलेले बैल बैलच राहतात. लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड नुसती कालवली, तर लोहचुंबक फिरवल्यावर कीस त्याला केसांसारखा चिकटून वर येतो आणि खाली पिवळी पूड उरते. तेच दोन्ही सात भागांना चार भाग असं वजन करून तापवलं, की काळा ठिसूळ गोळा होतो. तो कुटून त्यावर चुंबक कितीही फिरवा, हाती काही लागत नाही. पण संस्कृतात 'संयुग' म्हणजे लढाईसुद्धा! महाभारतात 'संयुगे' म्हणजे रणात. त्या अर्थाने शब्द अगदी चपखल बसतो. दोघे भिडले आणि नंतर दोघेही ओळखू येईनात.

आता खरी गंमत. 'द्रव्य म्हणजे जे द्रवतं ते' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता कानाला त्रास होतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे सरळ 'मूलद्रव' असं लिहिणं. अहो, ११८ मूलद्रव्यांपैकी नेहमीच्या तापमानाला द्रव म्हणून बाटलीत भरून ठेवता येतात ती दोन, पारा आणि ब्रोमीन. बाकीच्यांनी काय करावं?

द्रवणाऱ्यांच्या बाजूने मोठं नाव आहे, हे खरं. पतंजलीने महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या भाष्यात, 'गुणसंद्रावो द्रव्यम्' म्हटलं आहे, म्हणजे गुण जिथे एकत्र येऊन मिळतात ते द्रव्य. वाक्य सुंदर आहे, पण ती तत्त्वज्ञाची व्युत्पत्ती आहे, आधी अर्थ ठरवून मग धातू शोधलेली. शिवाय त्यातही वाहतात ते गुण. द्रव्य पातळ असतं असं पतंजलीसुद्धा म्हणत नाही. वैशेषिकांनी, म्हणजे जगातल्या पदार्थांची वर्गवारी करणाऱ्या दर्शनाने, तर घोळच ठेवला नाही. त्यांची द्रव्यं नऊ, त्यांत आकाश, काळ आणि मनही आलं; आणि 'द्रवत्व' हा त्यांनी वेगळा गुण मानला, तोही पृथ्वी, पाणी आणि तेज या तिघांतच राहणारा. द्रवणं हाच द्रव्याचा अर्थ असता तर उरलेल्या सहांना त्यांनी आत घेतलंच नसतं.

मी पाणिनीच्या बाजूचा आहे. त्याच्याकडे 'द्रु' म्हणजे झाड, लाकूड. द्रुम त्यातला, दारू (प्यायची नव्हे, देवदारातली) त्याच कुळातली, आणि द्रोण म्हणजे मुळात लाकडी भांडं. या 'द्रु'ला 'य' लागून द्रव्य होतं हे तो दोन ठिकाणी सांगतो: एकदा 'लाकडाचं' या अर्थाने, आणि एकदा 'द्रव्यं च भव्ये' या सूत्रात, म्हणजे 'होतकरू, लायक' या अर्थाने. या दुसऱ्या सूत्रावर काशिका ही पाणिनीवरची जुनी टीका उदाहरण देते ते पाहा: 'द्रव्योऽयं माणवकः'. हा मुलगा द्रव्य आहे. म्हणजे चांगल्या लाकडासारखा, घडवाल तसा घडेल. कौटिल्यही हेच म्हणतो, 'क्रिया हि द्रव्यं विनयति नाद्रव्यम्', मुळात द्रव्य असेल तरच शिक्षण त्याला वळण लावतं. आज आपण 'पोरगा हीरो मटेरियल आहे' म्हणतो आणि आपल्याला वाटतं की ही इंग्रजीची उसनवारी. हा माल आपल्याकडे दोन हजार वर्षं पडून आहे!

आणि 'मटेरियल' तरी कुठून आलं? लॅटिन 'मातेरिया', म्हणजे बांधकामाचं लाकूड. स्पॅनिशमध्ये 'मादेरा' म्हणजे आजही लाकूडच. ॲरिस्टॉटलने द्रव्यासाठी 'हुले' शब्द वापरला, त्याचाही अर्थ लाकूड, रान. तीन भाषांना 'ज्यातून सगळं घडतं ते' यासाठी नाव हवं होतं आणि तिघींनी सुताराकडेच पाहिलं.

आता माझी एक लाडकी कल्पना, पटली तर घ्या. मूलद्रव्य या शब्दात मूळ आहे आणि द्रु आहे, म्हणजे मुळासकट झाड. घडवणाऱ्याच्या मनात 'मूळचं द्रव्य' एवढंच असेल, मला वाद घालायचा नाही. पण शब्द घडवणाऱ्यापेक्षा हुशार निघतात.

एवढं असून काही शुद्धिवादी सांगतात की हिंदीसारखं 'तत्त्व' म्हणा, ते जास्त शास्त्रीय. तत् अधिक त्व, म्हणजे 'ते-पणा'. (आणि त्यातला दुसरा त गाळणारेही बहुधा हेच.) 'ते-पणा' हातात धरून दाखवा बरं. मूलद्रव्यात निदान एक ओंडका तरी सापडतो.