मुंबईची मोठी लॉ फर्म की तालुक्याचा वकील?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: गुहागरजवळ खाडीकाठी आजोबांच्या नावावर जमीन आहे, चुलतभावंडांसोबत तिथे होमस्टे काढायचाय, मुंबईचा एक मित्र पैसे घालायला तयार आहे. ‘सगळ्या कायदेशीर सेवा एका छताखाली’ देणाऱ्या मुंबईच्या फर्मकडे जावं का, आणि तिथे नेमकं मिळतं तरी काय?

मी वकील नाही. फोर्टातल्या अशाच एका फर्ममध्ये एकवीस वर्षं क्लार्क होतो, आता चिपळूण तालुक्यात गावी असतो. कायदा साहेबलोकांना विचारा, पण फाइल कुठे जाते नि कुठे अडते ते माझ्याइतकं त्यांना ठाऊक नसतं.

आधी छताखाली काय असतं ते. कंपन्यांचं काम बघणारे एका बाजूला, म्हणजे कंपनी काढणं, विकत घेणं, भागीदारांचे करार. बँकिंगवाल्यांकडे कर्जाची नि तारणाची कागदपत्रं. टॅक्सवाले वेगळे, कामगार कायद्याचे वेगळे, ट्रेडमार्क-पेटंटचे वेगळे. कोर्टाचं आणि लवादाचं काम म्हणजे लिटिगेशन. बंदरात जहाज अडकवून ठेवायची ऑर्डर घ्यायची असली तरी तेच धावत. आणि कन्व्हेयन्सिंग, म्हणजे जमीन-इमारतींचं. माझं आयुष्य तिथे गेलं. सब-रजिस्ट्रारकडे बसून तीस-तीस वर्षांच्या नोंदी चाळायच्या, याला सर्च म्हणतात, आणि त्यावर साहेब टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकी स्वच्छ आहे की नाही याचा दाखला देतात.

एखादी कंपनी किनाऱ्यावर कारखाना काढायला निघते तेव्हा हे सगळे विभाग एकाच आठवड्यात लागतात. जमीन, कर्ज, पर्यावरणाची परवानगी, कामगार, टॅक्स. एकाने केलेला करार दुसऱ्याच्या अटीत अडकू नये म्हणून सगळे एकत्र बसलेले बरे, आणि त्याचेच पैसे फर्म घेते. तासावर घेते, तोही सहा-सहा मिनिटांचे तुकडे पाडून. तुम्ही फोनवर “साहेब, गणपतीला गावी येताय का?” विचारलंत तरी एक तुकडा पडला.

तुमचं काम त्या जातीचं नाही. तुमची जमीन आजोबांच्या नावावर आहे, म्हणजे निदान एक पिढी वारस नोंदच झालेली नाही. ती तलाठ्याकडे होते. गाव नमुना ६क मध्ये वारस चढतात, मग फेरफार, मग मंडळ अधिकारी तो मंजूर करतो. वारसांत आत्या आहेत का? असतील तर त्यांची नावं लागणारच. लग्न होऊन पन्नास वर्षं झाली तरी लागणार. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगीही वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हिस्सेदार झाली, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायला हवेत असं नाही. आत्यांना हिस्सा नको असेल तर हक्कसोडपत्र करायचं, तेही रजिस्टर. “ती काय मागणार नाही” हे वाक्य मी फाइलींत फार वेळा वाचलंय, बहुतेक वेळा दाव्याच्या कागदांत.

त्यानंतर वाटणी. सगळे राजी असले तर तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली अर्ज करून होते, पुढे भूमी अभिलेखची मोजणी नि पोटहिस्सा. एकजण जरी आडवा आला तरी दिवाणी दावा. आणि दावा जिंकून हुकूमनामा हातात आला तरी शेतजमिनीचे प्रत्यक्ष तुकडे कोर्ट पाडत नाही, कागद कलेक्टरकडे जातात. तिथून पुढे मोजणीदार, गडगा कुणाचा, कलमं कुणी लावली, पाणंद कुठून जाते, हे सगळं जमिनीवर उभं राहून ठरतं.

याच टप्प्यावर मी स्वतः फसलो. घरच्या वाटणीचं काम ओळखीने मुंबईच्या एका फर्मला दिलं. ड्राफ्ट देखणा आला. पण तारखेला चिपळुणात उभं राहायला त्यांनी शेवटी इथलाच एक वकील लावला, त्याची फी वेगळी, मुंबईच्या ज्युनियरचा प्रवास वेगळा. इथल्या वकिलाने पहिल्याच दिवशी विचारलं, “इतर हक्कात कुळाचं नाव दिसतंय, ते कसं उतरवणार?” कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. मुंबईच्या तीस पानांत त्याचा उल्लेख एका ओळीत होता. कोकणात 1 एप्रिल 1957 या तारखेपासून कसणारा कूळ मालक होत गेला, खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची वतनं, त्याआधीच गेलेली. त्यामुळे इथला जुना सातबारा वाचताना मालकाच्या नावाइतकंच उजवीकडचं इतर हक्कांचं बारीक अक्षर बघावं लागतं. ते वाचायला डोळा लागतो आणि तो इथे बसूनच तयार होतो.

आता मित्राचे पैसे. इथे मात्र मुंबईच्या माणसाचा उपयोग आहे. मित्र शेतकरी नसेल तर कुळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतजमीन त्याला परवानगीशिवाय विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. मग लोक कुलमुखत्यारपत्रावर भागवतात, आणि दहा वर्षांनी त्याच कागदावर भांडतात. तसलं काही करू नका. तो धंद्यात भागीदार असेल, जमिनीत नाही, असा करार चांगल्या वकिलाकडून लिहून घ्या. तेवढंच काम, ठरलेल्या रकमेत, लेखी. “तुमच्या हिश्शाचे इतके टक्के द्या” म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. निकालावर टक्केवारी घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे.

खाडीकाठ म्हणालात म्हणून सांगतो, सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांचं, आधी बघा. 2019 च्या अधिसूचनेत खाडीलगत भरतीरेषेपासून 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत कमी असेल ते धरलंय, पण तुमच्या सर्व्हे नंबरला काय लागू होतं ते मंजूर आराखड्यावर बघूनच कळेल. वकिलाच्या आधी चांगला सर्व्हेअर गाठा. जागेचा निम्मा भाग रेषेच्या आत निघाला तर वाटणीत कुणाला कुठला तुकडा, हा वादच बदलतो.

अपिलाची भीती असेल तर, ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, कोल्हापुरात बसतंय आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्यात आहेत. मुंबईच्या वकिलाशिवाय हायकोर्ट नाही, असं आता राहिलेलं नाही. आणि आत्यांपैकी कुणाला स्वतःचा वकील करायचाय पण परवडत नाही असं असेल, तर बायकांना उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे त्यांना तुम्हीच सांगा, दुसऱ्या कुणी सांगितलं तर वेगळा वास येतो.

तालुक्याचा वकील निवडताना त्याचं ऑफिस बघू नका. सकाळी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात तासभर थांबा, कुणाच्या हातात जुने फेरफार दिसतात ते बघा. मी तसाच शोधला. आणि सातबारा, आठ अ (खात्याचा उतारा), 1950 पासूनचे सगळे फेरफार काढून मगच त्याच्यासमोर बसा.

भावकीशी बोलणी गणपतीत करा, सगळे घरी असतात. फक्त पहिल्या दिवशी नको. गौरी जेवून झाल्या की आत्या पडवीत निवांत बसतात, तेव्हा विषय काढा.