सापेक्षतेतलं 'पेक्षा'

प्रश्न असा आला होता की आइन्स्टाईनच्या सापेक्षता सिद्धांतातल्या टाइम डायलेशनला (वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ आपल्यापेक्षा हळू चालतं, त्याला) मराठीत कालप्रसरण म्हणायचं की कालविस्तार, आणि अंतराळात जाऊन आलेला जुळा भाऊ तरुण राहतो हे जर 'सापेक्ष' असेल तर ते खरं कसं?

कालविस्तार म्हणा. प्रसरण तापलेली लोखंडी पट्टी पावते, तिथे पट्टीलाच काहीतरी होतं. यानातल्या घड्याळाला काहीच झालेलं नसतं, आत बसलेल्याचा चहा नेहमीइतक्याच वेळात उकळतो.

पण खरा घोळ 'सापेक्ष'चा आहे. "सगळं सापेक्ष असतं हो", म्हणजे ज्याचं त्याचं मत, आणि वर आइन्स्टाईनचं नाव! हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. सापेक्ष म्हणजे स + अपेक्षा, आणि ही अपेक्षा म्हणजे आई-बाबांच्या मुलांकडून असतात त्या अपेक्षा नव्हेत. ईक्ष् म्हणजे पाहणं, अप + ईक्ष् म्हणजे कशाच्या तरी संदर्भाने पाहणं, आणि हाच शब्द पुढचा अ गळून आपण दिवसातून पन्नासदा वापरतो: पेक्षा! कालच्यापेक्षा आज उकडतंय, दादापेक्षा ताई उंच. 'पेक्षा' लावल्याशिवाय ज्याचा अर्थ पुरा होत नाही ते सापेक्ष. यात मत कुठे आलं? दोघांना भिंतीला टेकवून उभं करा, पेन्सिलीने खुणा करा, ताईची खूण वरच येणार.

तसंच "चालत्या यानात वेळ हळू जातो" हे वाक्य अर्धवट आहे, कुणापेक्षा ते सांगा की! प्रॉक्सिमा सेंटॉरी हा सूर्यानंतरचा आपल्याला सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने जाऊन लगेच परत आलं तर घरी साधारण १० वर्षं ७ महिने होतात, यानात ६ वर्षं ४ महिने. यान सरळ जातंय तोवर यानातला आणि घरचा दोघंही एकमेकांना "तुझं घड्याळ हळू" म्हणू शकतात आणि दोघंही बरोबर, पण परत यायला यान वळतं तेव्हा यानातल्याचा संदर्भ, म्हणजे त्याची 'अपेक्षा', बदलते, घरच्याची नाही, म्हणून वय यानातल्याचंच कमी भरतं. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी अणुघड्याळं (अतिशय अचूक घड्याळं) प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली, तर पूर्वेकडे गेलेली जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा सुमारे ५९ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जावे भाग) मागे पडली आणि पश्चिमेकडे गेलेली २७३ पुढे (त्यात गुरुत्वाकर्षणाचाही वाटा आहे). इथेही 'पेक्षा' आलंच बघा.

आणि जाणती मंडळी अजून 'सापेक्षतावाद' लिहितात ते मला अजिबात पटत नाही. अणुवादाच्या काळी वाद म्हणजे सिद्धांत हे ठीक होतं, आज साम्यवादाच्या शेजारी बसवलं की ती विचारसरणीच वाटते आणि 'ज्याचं त्याचं मत' म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळतं. सापेक्षता सिद्धांत म्हणा, संपलं.

अजून एक, घरी थांबलेला भाऊ १० वर्षं ७ महिने करतो ती प्रतीक्षा, तीसुद्धा ईक्ष् मधूनच आलीय, प्रति + ईक्ष्, वाटेकडे डोळे लावून बसणं. आणि परत आल्यावर दोघांची घड्याळं शेजारी ठेवून बघतो तो निरीक्षक, तोही ईक्ष्चाच.