अपुरी झोप आणि मेंदूत साचणाऱ्या प्रथिनांची भीती

स्मृतिभ्रंश झालेल्या आईसाठी रात्री वारंवार उठावे लागणाऱ्या, पन्नाशीच्या एका बाईंनी माझ्याकडे समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत विचारले, ‘झोपेत मेंदू घातक प्रथिने बाहेर टाकतो म्हणतात. माझी झोप पाच तासही होत नाही. म्हणजे मलाही आईचाच आजार होणार का?’ (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न मला अनेक जण विचारतात आणि ‘काळजी करू नका’ एवढ्याने त्यांचे समाधान होत नाही, होऊही नये. त्या ज्याला घातक म्हणत होत्या, ते अमायलॉइड-बीटा हे स्मृतिभ्रंशाशी जोडले जाणारे प्रथिन निरोगी मेंदूतही सतत तयार होते. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने २०१२ साली उंदरांत दाखवले की, रक्तवाहिन्यांच्या कडेने मेंदूत शिरणारा द्रव ते वाहून नेतो. झोपेत हा निचरा वाढतो, असे त्यांनी २०१३ साली मांडले. २०२४ मध्ये मात्र लंडनच्या संशोधकांना उंदरांतच झोपेत निचरा मंदावलेला आढळला, त्यामुळे हा वाद अजून मिटलेला नाही. शिवाय काही विकरे (एन्झाइम) हे प्रथिन तोडतात, मायक्रोग्लिया या मेंदूतील संरक्षक पेशी ते गिळतात आणि काही भाग थेट रक्तात जातो. ब्रिटनमधील सुमारे आठ हजार सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रदीर्घ पाहणीत, पन्नाशी-साठीत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना पुढे स्मृतिभ्रंश अधिक प्रमाणात झाला, हे खरे; पण त्यावरून कोणा एकीचे भविष्य सांगता येत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

त्यांची झोप केवळ आईमुळे मोडत नव्हती. आई शांत झोपलेली असतानाही त्या मनगटावरच्या घड्याळात झोपेचे आकडे पाहत आणि धास्तीने जाग्या राहत. ते घड्याळ रात्री काढून ठेवणे, उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे आणि झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडता दुसऱ्या खोलीत जाऊन बसणे, यांपासून आम्ही सुरुवात केली. त्या जोराने घोरतात असे पतीकडून कळल्यावर झोपेतील श्वासरोधाच्या तपासणीसाठी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले, कारण तो आजार असेल तर समुपदेशन पुरे पडत नाही.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती रात्रींची वाटणी. पुढच्या भेटीला त्यांचे भाऊ आले आणि आठवड्यातल्या दोन रात्री त्यांनी स्वतःकडे घेतल्या. अशी मदत मागितल्याशिवाय क्वचितच मिळते, म्हणून कोणत्या रात्री कोण जागणार, हे मी सर्वांसमोर वारांसह लिहून घेते.