मागे पडलेल्या मुलांना शिकवायला सुरुवात करताना

हे काम हाती घेतलंत, फार बरं झालं. पहिले दोन-तीन दिवस शिकवू नका, नुसतं तपासा. मूल सातवीत असलं तरी दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला द्या. जिथे अडखळतं, तिथून सुरुवात. इयत्तेचा अभ्यासक्रम उरकायच्या नादात पाया कच्चाच राहतो. नव्या लोकांची ही सर्वांत मोठी चूक.

गणितात नुसत्या फुल्या मारू नका. ५२ − २७ चं उत्तर ३५ आलं, तर मुलाने ७ मधून २ वजा केलेत. म्हणजे वजाबाकी येते, दशक सुटा करणं कळलेलं नाही. "कसं केलंस, सांग बरं," असं विचारलंत की हे लगेच कळतं. मग काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून त्यातला एक सोडायला लावा. पाच गणितं पुरेत, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने तशीच पुन्हा द्या.

बाकी थोडक्यात:
- रोज अर्धा तास घ्या, सुट्टीच्या दिवशी सलग तीन तास नकोत.
- गट चार-पाच जणांचा, तोही पातळीनुसार.
- "हुशार आहेस" यापेक्षा "दशक बरोबर सोडलास" म्हणा.
- मूल गैरहजर राहिलं, तर रागावण्याआधी कारण विचारा. घरकाम असतं, धाकटं भावंड सांभाळायचं असतं. फळ्यावरचं चुकीचं उतरवत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या.