जुन्या वस्तू आधी वेगळ्या करा, मग कात्री घ्या

टाकाऊतून टिकाऊ करायला घेताना सुरुवातीला सगळंच जपून ठेवू नका. ज्या वस्तूचा उपयोग महिनाभरात सुचला नाही, ती देऊन टाका; नाहीतर घराचं गोदाम होतं.

पहिला प्रयोग जुन्या सुती टी-शर्टवर करा. शक्यतो बाजूला शिवण नसलेला घ्या, कारण पट्टी ताणली की शिवणीवरच तुटते. खालची दुमड कापून टाका आणि काखेच्या खाली आडवा काप देऊन नळी मोकळी करा. ती सपाट पसरून अडीच सेंटीमीटर रुंदीचे आडवे काप द्या, पण एका कडेला तीन-चार सेंटीमीटर न कापता सोडा. ती कड उघडून प्रत्येक कापापासून समोरच्या बाजूच्या पुढच्या कापापर्यंत तिरकं कापत गेलात की सलग पट्टी मिळते. हलकेच ताणली की कडा आत वळतात, दोर तयार. पायपुसणं विणायला उत्तम. सरळ कापलंत तर मात्र सुटी कडीच हातात येते. नवख्यांची ही चूक ठरलेलीच!

काचेच्या बरणीवरचा चिकटा तेल आणि खाण्याचा सोडा समप्रमाणात लावून अर्ध्या तासाने निघतो. लोणच्याचा वास झाकणाच्या आतल्या अस्तरात मुरतो, तेव्हा झाकणच बदला.

फुटलेले काचेचे पेले पुनर्वापरासाठी द्यायच्या बाटल्यांच्या काचेत टाकू नका, उष्णतारोधक भांडी तर नाहीच. त्यांचा वितळबिंदू वेगळा असतो. लिथियमच्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या वेगळ्याच द्या. कचऱ्यात दबल्या तर पेट घेऊ शकतात.