शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

ओपन माइकवर, म्हणजे कोणालाही गाता येते अशा मंचावर, तू पहिल्यांदाच स्वतःची तीन गाणी गायलीस, तेव्हा लोक आपापसांत बोलत राहिले आणि शेवटी म्हटलेल्या एका लोकप्रिय गाण्यालाच टाळ्या पडल्या, हे वाचून मला वाईट वाटले. पण आपली गाणीच कमी पडतात, हा तू काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. लोकप्रिय गाणे श्रोत्याच्या कानात आधीपासून असते. गायकाने अर्धी ओळ गिळली तरी उरलेली तो मनातल्या मनात पुरी करतो. तुझे गाणे मात्र त्या खोलीत तुझ्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते. ते श्रोत्याला एकदाच ऐकायला मिळते, आणि कवितेसारखे पान मागे उलटून पाहण्याची सोय नसते. म्हणून स्वतः लिहून गाणाऱ्याने सुरांइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, काळजी शब्द कळण्याची घेतली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

हे मला फार उशिरा उमगले. आई गेल्यानंतर मी एक गाणे लिहिले होते. ते म्हटल्यावर एका कार्यक्रमाच्या शेवटी एक श्रोती जवळ आली आणि "तुमचं प्रेमभंगाचं गाणं फार भिडलं," असे अगदी मनापासून म्हणाली. साऱ्या गाण्यात 'आई' हा शब्द एकदाच, पहिल्या कडव्याच्या अखेरीस येत होता, आणि नेमक्या त्याच मात्रेवर माझ्या गिटारचा सर्वांत जोरकस फटका पडत होता. 'आई' हा निव्वळ दोन स्वरांचा शब्द. कानाने पकडावे असे एकही व्यंजन त्यात नाही, त्यामुळे तारांच्या नादात तो विरघळून जात होता. पुढच्या वेळी त्या शब्दाच्या आधी मी तळहात तारांवर अलगद टेकवला, त्यांचा नाद थांबवला आणि त्या शांततेत तो शब्द म्हटला. बाकी गाण्यात काही बदलले नाही; पण त्यानंतर ते गाणे प्रेमभंगाचे आहे, असे मला कोणी सांगितले नाही.

चाल बांधताना ऱ्हस्व-दीर्घाकडेही असेच लक्ष दे. 'दिन' हा शब्द लांबवलेल्या सुरावर ठेवलास तर श्रोत्याला 'दीन' ऐकू येईल, 'सुत' ताणलास तर 'सूत' होईल. कागदावर तुला फरक दिसतो, समोरच्याला तो फक्त सुराच्या लांबीवरून कळतो. अशा जागी शब्द बदल किंवा चाल बदल, पण भाषेला ओढून-ताणून बसवू नकोस.

साउंड चेकबद्दल, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासून घेण्याबद्दल, तू एकच ओळ लिहिलीस, 'वेळ मिळाला नाही'. मिळालेली पाच मिनिटे कशी वापरावीत, ते सांगते. गिटारमधल्या पिकअपचा, म्हणजे तिच्या कंपनांचा विद्युत सिग्नल करणाऱ्या भागाचा, सिग्नल थेट लांब केबलमधून आवाज जुळवणाऱ्या मिक्सरकडे नेला की त्यात खरखर शिरते आणि नादाची धार जाते, म्हणून मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नल लांबवर स्वच्छ नेता यावा म्हणून जोडायची छोटी पेटी, आहे का, हे आधी विचार. गायकांसाठीचे बहुतेक माइक समोरचा आवाज अधिक आणि मागचा कमी घेतात. मात्र जाळीभोवती मूठ आवळली की मागच्या फटी झाकल्या जातात, माइक चारी बाजूंचा आवाज घेऊ लागतो आणि मॉनिटरमधून, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरमधून, शिट्टी सुरू होते. ओठ माइकच्या अगदी जवळ नेले की आवाजातला खर्ज वाढतो. ते कानाला गोड वाटते, पण शब्द जड होतात. व्यंजनांची स्पष्टता साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि जोरात छेडलेली गिटारही तिथेच गर्दी करते. म्हणून ध्वनी सांभाळणाऱ्याला नुसते "आवाज वाढवा" न सांगता, त्या पट्ट्यात गिटार थोडी उतरवायला आणि गळ्यावरचा रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेला कृत्रिम घुमारा, कमी करायला सांग. त्याला नावाने हाक मार आणि निघताना आभार मान. आणखी एक लक्षात असू दे, की रिकाम्या खोलीत घुमणारा आवाज माणसे भरल्यावर कोरडा होतो, कारण माणसांचे कपडे आणि शरीरेही ध्वनी शोषून घेतात. तेव्हा चेकच्या वेळी थोडे घुमले तर घाबरू नकोस.

लोकप्रिय गाणी घ्यावीत का, असे विचारले आहेस. एखादे घे, पण शेवटी नको. शेवटची आठवण तुझ्या गाण्याची राहू दे. आणि गाण्याआधी त्याचा अर्थ समजावून सांगू नकोस. ते कुठून सुचले, एवढे एका वाक्यात पुरे.

हक्कांबाबत थोडक्यात सांगते. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. कोणाबरोबर मिळून गाणे लिहिलेस तर वाटा त्याच दिवशी लिहून ठेव, मैत्री कितीही घट्ट असली तरी. १८४७ साली पॅरिसच्या एका कॅफेत गीतकार एर्नेस्त बुर्जे यांनी आपली रचना फुकट वाजवली जाते आहे हे पाहून बिल देण्यास नकार दिला. न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली आणि १८५१ साली 'सासेम' ही रचना वाजवल्याचे पैसे गोळा करून रचनाकारांना देणारी संस्था उभी राहिली. आज अनेक देशांत अशा संस्था आहेत. तुझ्या गाण्यांची नोंद अशा संस्थेकडे करून ठेव.

मनाला लागलेली एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. आपली गाणी झाल्यावर तू लगेच निघून गेलास, असे तुझ्याच पत्रातून कळले. स्थानिक मंचावर पहिली कित्येक वर्षे आपले खरे श्रोते म्हणजे इतर गाणारेच असतात. त्यांची गाणी तू शेवटपर्यंत ऐकलीस तर तुझ्या वेळी ते बोलणे थांबवतील, आणि चार माणसे गप्प झाली की बाकीचीही हळूहळू होतात.

पुढच्या वेळी गाताना फोनचे रेकॉर्डिंग सुरू करून तो सर्वांत मागच्या खुर्चीवर ठेव आणि तेच रेकॉर्डिंग मला पाठव. गाण्याचे शब्द पाठवू नकोस. जे मला ऐकू येईल ते मी कागदावर उतरवीन, न कळलेल्या जागा कोऱ्या सोडीन आणि तो कागद तुला परत पाठवीन.

तुझी,
ताई